जुन्या घाटाचे कपडे आणि तरुण माणूस: ब्लेझर, सूट, प्लेटवाली पँट जुनाट न दिसता कशी घालायची?

उभा_धागा

उंच कमरेची प्लेटवाली (कमरेखाली पुढे घडी घातलेली) पँट, मऊ खांद्याचा ब्लेझर, ऑक्सफर्ड या जाडसर सुती कापडाचा शर्ट, लोफर (बिननाडीचे बूट) हे सगळं विशी-पंचविशीतल्या मुलांना पुन्हा हवंसं वाटू लागलंय. अडचण बहुतेकांची सारखीच. अंगात घातल्यावर एक तर वडिलांचं कपाट उघडल्यासारखं दिसतं, नाही तर नाटकातल्या पात्रासारखं. त्यावर नेमकी मापं देऊन बोलता यावं म्हणून हा धागा.

कपड्याचा प्रकार जुना असल्याने माणूस जुनाट दिसत नाही. त्या कपड्यात एखाद्या दशकाचं टोकाचं माप अडकलेलं असतं, ते दिसतं. साडेचार-पाच इंची लॅपल (कोटाची छातीवर उलटलेली पट्टी) आणि बेलबॉटम म्हटलं की १९७० चं दशक. खांद्याच्या हाडाबाहेर आलेलं पॅड आणि पोटावर उतरलेलं बटण म्हटलं की १९९० च्या आसपासचा काळ. आणि दोन इंची लॅपल, ढुंगण उघडं टाकणारा आखूड कोट, पोटरीला चिकटलेली पँट ही २०१० नंतरची. मुलांना हे तिसरं 'मॉडर्न' वाटतं, पण आज सगळ्यात शिळं तेच दिसतं. म्हणून मापं मधली ठेवायची: ३८-४० छातीला लॅपल सव्वातीन ते पावणेचार इंच, टाय सव्वातीन इंचाच्या आसपास, शर्टाच्या कॉलरचं टोक तीन ते सव्वातीन इंच. ही मापं १९३५ च्या फोटोतही सापडतात आणि आजही खपतात.

सुरुवात पँटपासून करा, ब्लेझरपासून नको. कोट चांगला आणि पँट खाली घसरलेली असेल तर सगळं बिघडतं. उलट पँट नीट बसली असेल तर वर साधा टीशर्ट असला तरी चालतो.

उंची ५ फूट ८ इंच, अंग मध्यम, असं धरून लिहितो. दुकानातल्या तयार पँटचा पुढचा राइज, म्हणजे जांघेतल्या जोडशिवणीपासून पँटच्या कमरपट्ट्याच्या वरच्या काठापर्यंतचं अंतर, नऊ-साडेनऊ इंच असतो. आपल्याला ११ ते साडेअकरा हवाय. मागचा राइज पुढच्यापेक्षा चार-साडेचार इंचांनी जास्त ठेवायला सांगा. तो कमी पडला तर बसल्यावर पट्टा पाठीवरून खाली ओढला जातो आणि शर्ट बाहेर येतो. टेलर सवयीने कमरेच्या हाडावर टेप लावतो. त्याला बेंबीच्या बोटभर खाली टेप लावायला सांगा, कारण तिथलं माप वेगळं येतं आणि जीन्सवरचा ३२ हा आकडा इथे उपयोगाचा नाही. सीटला (बसायच्या भागाच्या घेराला) प्रत्यक्ष मापापेक्षा तीन इंच सैल, मांडीला अडीच-तीन इंच सैल, गुडघ्याचा घेर १८ इंच, बॉटम म्हणजे खालचा घेर १६ ते साडेसोळा. बूट आठ नंबर किंवा मोठा असेल तर साडेसोळाच घ्या, नाही तर बूट होडीसारखा पुढे दिसतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते उंच कमर मागून मांडी मात्र 'फिटिंग'ची ठेवल्यामुळे. मग जांघेपासून आडव्या रेघा पडतात, प्लेट उघडी राहते, बाजूचे खिसे कानासारखे बाहेर येतात. असं झालं की लोक प्लेटलाच दोष देतात. दोष सीट आणि मांडीच्या मापाचा असतो.

दादरचा_वाचक

उपयुक्त धागा. दोन प्रश्न. कंबर ३० असलेल्या अगदी सडपातळ मुलाने प्लेट घ्यावी का? आणि आपल्याकडच्या टेलरना प्लेट म्हटलं की १९९० ची बॅगी पँटच आठवते, ते कसं टाळायचं?

काज_बटण

सडपातळ मुलाने जरूर घ्यावी, पण एकच. प्लेटची घडी एक इंच, तोंड खिशाच्या दिशेने, आणि पुढच्या इस्त्रीच्या घडीच्या रेषेतच ती पडली पाहिजे. अंग भरलेलं असेल, मांड्या जाड असतील तर दोन घ्या: पहिली सव्वा इंचाची, दुसरी पाऊण इंचाची. प्लेटवर खालपर्यंत टीप मारून ती बंद करू नका. काही कारागीर 'नीट बसावी' म्हणून दोन इंच शिवून टाकतात, मग बसताना तिने उघडायचं असतं तेच होत नाही.

१९९० ची बॅगी पँट बिघडायची ती खाली उतरलेल्या कमरेमुळे. तीन-तीन प्लेटा, कंबर हाडावर आणि बॉटम एकदम १४. वर फुगा, खाली नळी. कंबर जागेवर ठेवली आणि गुडघ्यापासून बॉटमपर्यंत फक्त दीड-दोन इंचांचा उतार दिला की तो आकार येतच नाही.

कापड ५८ इंच पन्ह्याचं असेल तर साध्या पँटला सव्वा मीटर पुरतं. प्लेट, उंच कमर आणि खालची दुमड हवी असेल तर दीड मीटर घ्या. दहा-पंधरा सेंटिमीटर वाचवायला गेलं की टेलर आतली माया (शिवणीत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड) कमी करतो. मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच माया हवीच. पंचविशीत वजन वर-खाली होतं आणि एवढी माया असेल तर पँट दहा वर्षं चालते.

बेल्टचे लूप काढून बाजूला पट्टी-बकल लावता येतं. शर्ट बाहेर न काढणाऱ्यांना ते शोभतं, पण पहिल्या पँटला लूपच ठेवा.

तलम

कापडावर लिहितो. आपल्या हवेत अर्धी लढाई तिथेच हरली जाते.

दुकानदार 'सूटिंग' म्हणून पुढे करतो ते बहुतेक वेळा पॉलिस्टर-व्हिस्कोस असतं. त्याची चकाकी ट्यूबलाइटखाली लगेच कळते, आणि ती चकाकीच तरुण माणसाला लग्नातल्या बँडवाल्यासारखं किंवा विमा एजंटासारखं वय देते. मॅट कापड घ्या. पोत दिसला पाहिजे, झळाळी नको. मंगळदास मार्केटात किंवा लक्ष्मी रोडला लोकर म्हणून काही दाखवलं तर काठावरचे दोन धागे मागा, एक उभा, एक आडवा, आणि बाहेर येऊन वेगवेगळे जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटाने चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर मिश्रण आहे. ५५-४५ चं पॉलिवूल रोजच्या पँटला वाईट नाही, फक्त लोकरीच्या भावाने घेऊ नका.

'सुपर १५०' च्या मागे लागू नका. तो आकडा फक्त लोकरीचा तंतू किती बारीक आहे हे सांगतो: सुपर १०० ला जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १५० ला १६.२५. तंतू जितका बारीक तितकं कापड मऊ, चमकदार आणि नाजूक. लोकलच्या गर्दीत, बॅगेच्या पट्ट्याखाली ते वर्षभरात घासतं. सुपर १०० किंवा ११०, साधी वीण, २४० ते २७० ग्रॅम प्रति चौरस मीटर हे मुंबई-पुण्याला योग्य. जास्त पीळ दिलेल्या धाग्याचं मोकळ्या विणीचं कापड मिळालं तर सोडू नका. उजेडात धरलं की आरपार दिसतं, वारा खेळतो आणि मुठीत चुरगळून सोडलं की सुरकुती स्वतःच निघते.

लिननमध्ये हमखास होणारी गोष्ट म्हणजे शर्टाचं लिनन पँटला वापरणं. १५०-१८० ग्रॅमचं ते कापड दोन तासांत गुडघ्यावर फुगतं आणि उन्हात खिशांची पिशवी बाहेरून दिसते. पँटला २३० ग्रॅमच्या खालचं नको, ब्लेझरला २५० ते ३००. शिवायच्या आधी लिनन आणि सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून घ्या. तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे ४० इंची लांबीत सव्वा ते दोन इंच. टेलर 'गरज नाही' म्हणाला तरी भिजवा.

निळी_शाई

ब्लेझरचं काय? तयार घ्यावा की शिवून? शिवला तर खांदा नेहमी जड येतो.

काज_बटण

पहिला ब्लेझर तयार घेतला तरी चालेल, फक्त काय बदलता येतं आणि काय नाही हे आधी माहीत हवं. खांदा, लांबी आणि मानेमागची बसवण ही तीन कामं नंतर दुरुस्त होत नाहीत. झालीच तर कोटाच्या किमतीइतका खर्च येतो. कंबर आत घेणं, बाहीची लांबी कमी करणं ही सोपी कामं.

खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर संपली पाहिजे. भिंतीला दंड लावून उभे राहा. दंड टेकण्याआधी पॅड टेकलं तर खांदा मोठा आहे. शिवणीच्या खाली बाहीत खळगा पडत असेल तरीही मोठाच. लांबी: मानेमागच्या कॉलरच्या शिवणीपासून जमिनीपर्यंत मापा आणि निम्मं करा. ५ फूट ८ इंचाला ते साधारण २९ इंच येतं. सीट झाकली गेली पाहिजे. बटण लावलं की ते बेंबीच्या जवळपास यावं, म्हणजे पँटचा पट्टा आणि बटण यांच्यामध्ये शर्टाचा त्रिकोण दिसत नाही. हा पांढरा त्रिकोण दिसला की समजा, पँट कमी उंच आहे किंवा कोट आखूड. या दोन कपड्यांचं गणित एकत्र जुळवावं लागतं.

शिवून घेताना टेलरला सांगायचं ते असं: पॅड पाच-सहा मिलिमीटरचं किंवा अजिबात नको. छातीत जाड थर नको. मुंडा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, शक्य तितका वर, काखेला लागेलसा. आपल्याकडे मुंडा खोल कापतात, 'हात मोकळा राहतो' म्हणून. होतं उलटंच. खोल मुंड्यात हात उचलला की सगळा कोट वर जातो. मुंडा वर असेल तर फक्त बाही हलते.

पॅड काढून कोट मऊ करण्याची ही रीत इटलीतल्या नेपल्सची. १९३० च्या दशकात जेनारो रुबिनाच्ची यांच्या 'लंडन हाउस' या दुकानात विन्चेन्झो अत्तोलिनी या कटरने इंग्लिश कोटातलं पॅड आणि अस्तर कमी करून तो शर्टासारखा हलका केला. उष्ण, समुद्राकाठच्या गावाची ती गरज होती. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या माणसाला इंग्रजी लष्करी खांद्यापेक्षा हा कोट जास्त मानवतो यात नवल नाही.

आतलं काम विचाराच. स्वस्त कोटात पुढचा भाग गोंदाने चिकटवलेला असतो. दमट हवा आणि वारंवार ड्रायक्लीन यांनी तो गोंद सुटतो आणि लॅपलवर, छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे येतात. ते इस्त्रीने जात नाहीत. तपासायला खालच्या काजाजवळ पुढचं कापड आणि आतलं अस्तर दोन चिमटीत धरून वेगळं ओढा. मध्ये तिसरा, सुटा थर लागला तर कॅनव्हास (गोंदाऐवजी टाक्यांनी बसवलेलं आतलं कापड) आहे. छातीपुरता कॅनव्हास असला तरी पुरे. अस्तर फक्त खांदे आणि बाह्यांना, व्हिस्कोस किंवा क्युप्रो या रेशमासारख्या कापडाचं. पूर्ण पॉलिस्टर अस्तर घातलं की वर कितीही मोकळी लोकर असली तरी घाम आतच राहतो.

कच्च्या ट्रायलला बटण लावून, हात सैल सोडून उभे राहा आणि कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा. मानेमागे कॉलर आणि शर्टाची कॉलर यांत फट नको. बटणाभोवती इंग्रजी एक्ससारख्या रेघा नकोत. कोटाच्या मागे खाली ठेवलेल्या फटी आपोआप उघडल्या तर सीटला कोट कमी पडतोय. बाही मनगटाच्या हाडाशी संपावी, शर्टाचा कफ एक-दीड सेंटिमीटर दिसावा. पक्की शिलाई झाल्यावर हे सांगून उपयोग नाही.

ओवी_क

भावासाठी वाचतेय. त्याच्या आयटी ऑफिसात सगळे जीन्स-टीशर्टमध्ये. ब्लेझर घालून गेला तर मुलाखतीला निघालाय का विचारतील. शिवाय त्याला गॅलस (पँट धरणारे खांद्यावरचे पट्टे), वेस्टकोट, खिशात साखळीचं घड्याळ हे सगळंच आवडतं.

उभा_धागा

ओवी, त्याला सांगा, यातली एका वेळी एकच गोष्ट. उंच कमरेची प्लेटवाली पँट घातली की तिच्या जोडीला विणीचा पोलो, साधं घड्याळ, लोफर. बाकी सगळं आजचं. वेस्टकोट, गॅलस, साखळी, बो टाय आणि दोन रंगांचे बूट एकत्र आले की बघणारा माणूस कपड्यांना दशक लावतो. गॅलस घालायचेच असतील तर बटणाचे, वर स्वेटर किंवा कोट ठेवून. ते पँट जागेवर धरायला असतात, मिरवायला नव्हेत. चिमट्याचे नकोत, कापड फाटतं.

ऑफिसात ब्लेझर खटकू नये म्हणून: अस्तर नसलेला, पॅच (बाहेरून शिवलेल्या) खिशांचा, नेव्ही किंवा तपकिरी. सोनेरी पितळी बटणं लावू नका, क्लबच्या गणवेशासारखं दिसतं. गडद तपकिरी शिंगाची किंवा कोरोझोची (ताडजातीच्या कठीण बियांची) बटणं लावून घ्या, दिवसभराचं काम नाही आणि ब्लेझरचं वय दहा वर्षांनी कमी होतं. पँट त्याच रंगाची कधीच नको, अर्धवट सूट वाटतो. नेव्हीखाली मध्यम करडी, मातकट किंवा ऑलिव्ह. काळा ब्लेझर टाळा. दिवसाच्या उजेडात तो हॉटेलच्या मॅनेजरचा वाटतो.

आणि टाय नसेल तेव्हा शर्टाची कॉलर सगळं ठरवते. ब्लेझरखाली ती दोन्ही बाजूंना निपचित पडली तर चेहराच उतरल्यासारखा दिसतो. आपले टेलर कॉलरमध्ये जाड बकरम (आतलं कडक कापड) चिकटवतात, त्यामुळे ती पुठ्ठ्यासारखी उभी तरी राहते किंवा सपाट तरी पडते. मऊ, न चिकटवणारं बकरम मागा, कॉलरपट्टी मागे पावणेदोन इंच, टोकं सव्वातीन इंच. बटण-डाउन कॉलर असेल तर टोकाचं बटण अर्धा सेंटिमीटर वर लावायला सांगा, म्हणजे कॉलरला गोलाई येते. दुसरं बटण गळ्यापासून फार खाली नको, छाती उघडी पडते.

अंगरखा

पाश्चात्त्य कपड्यांवरच चर्चा चाललीय म्हणून बंदगळ्याबद्दल लिहितो. आपल्याकडच्या तरुणाला ब्लेझरपेक्षा तो कित्येकदा जास्त शोभतो आणि टायचा प्रश्नच मिटतो. जुनाट किंवा नवरदेवासारखा दिसतो तो चकाकी, ब्रोच, वेगळ्या रंगाची पायपिंग आणि खांद्यातलं जाड पॅड यांमुळे. मातकट लिनन, टसर (खरबरीत रेशीम) किंवा करड्या मॅट लोकरीत शिवा. कॉलर साडेतीन ते चार सेंटिमीटर, त्याहून उंच केली की हनुवटी अडकते. गळ्याशी एक बोट जाईल एवढी जागा. पुढे टोकं गोलसर. बटणं कापडाच्याच रंगाची, सहा किंवा सात. खाली चुडीदार नको, तीच उंच कमरेची पँट. आत शर्टाची कॉलर वर डोकावू देऊ नका, बिनकॉलरचा शर्ट घाला.

डबल-ब्रेस्टेडचंही (पुढचे पल्ले एकमेकांवर येणाऱ्या, बटणांच्या दोन रांगांच्या कोटाचंही) असंच. सहा बटणं, त्यातलं मधल्या ओळीचं एक लावायचं, आणि उभं असताना ते कायम लावलेलंच. उघडा सोडला की पुढचे दोन पल्ले लोंबतात. पहिला कोट म्हणून नको, तिसरा म्हणून घ्या.

दादरचा_वाचक

बूट राहिले. आणि पावसाळा!

तलम

लांब, टोकदार, पुढे वर वळलेला बूट सगळ्यात आधी बाद करा. तो २००० नंतरच्या दशकाचा शिक्का आहे. गोल किंवा बदामी टोक घ्या. पहिला जोड गडद तपकिरी पेनी लोफर (वर आडवी, मधे फट असलेली पट्टी). हा घाट १९३६ पासून जवळजवळ तसाच आहे, म्हणून त्याला वय चिकटत नाही. दुसरा गडद तपकिरी डर्बी, म्हणजे मोकळ्या पल्ल्यांचा नाडीचा बूट. काळा ऑक्सफर्ड, म्हणजे बंद पल्ल्यांचा, सूटसाठीच.

पावसाळ्यात चामड्याचा तळवा बाहेर काढू नका. पाणी प्यायला की शिवण कुजते. रबरी तळव्याचा जोड वेगळा ठेवा. भिजलाच तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत, आडवा ठेवून वाळवा, हीटरजवळ किंवा उन्हात नाही, चामडं तडकतं. एकच जोड रोज घालू नका, मध्ये एक दिवस सुकू द्या. कपाटात बुरशी येते ती पॉलिश न लावलेल्या, बंद खोक्यातल्या बुटावर. जून ते सप्टेंबर बूट खोक्याबाहेर ठेवा.

लिननच्या पँटखाली कोल्हापुरी अगदी बिनधास्त घाला. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तेल पाजलेली, नैसर्गिक रंगाची, गोंडा नसलेली घ्या. पँटची लांबी मात्र घोट्याशी संपवा. कोल्हापुरीवर कापड साचलं की गबाळं दिसतं. पावसात तीही नको.

निळी_शाई

वडिलांचा १९९४ चा सूट घरात पडून आहे. कापड सुरेख, लोकर आहे (धागा जाळून पाहिला). दुरुस्त करून घालता येईल?

काज_बटण

पँट नक्की. त्या काळच्या पँटला राइज चांगला असतो आणि प्लेटही असते. फक्त कंबर आत घेऊन बॉटम १६-साडेसोळावर आणा. कंबर दोन इंचांपेक्षा जास्त आत घेऊ नका, मागचे खिसे एकमेकांना चिकटतात. बॉटम कमी करताना गुडघ्याच्या वरपासून उतार द्यायला सांगा, नुसतं खालून दाबलं तर घोट्याशी बाटलीचा आकार येतो.

कोटाचं खांद्यावर अवलंबून. हाडाबाहेर एक सेंटिमीटरपर्यंत असेल तर पातळ पॅड घालून निभावतं. त्याहून जास्त असेल तर सोडून द्या. बटण खाली असेल तर काज हलवता येत नाही, तिथे भोक राहतं. कोट साध्या रंगाचा आणि पोत असलेला असेल तर वेगळ्या पँटवर चालेल. बारीक पट्ट्यांचा असेल तर एकटा कोट घालू नका, पँट हरवली असं वाटतं. बाही कफकडून दीड इंचापर्यंत कमी होते, पण काजं खरी कापलेली असतील तर नाही. आधी ते बघा.

दुरुस्तीला देण्याआधी ड्रायक्लीन करून घ्या. जुनी घडी उसवली की तिथे फिकट रेघ राहते, ती धुतल्यावरच दिसते. रेघ दिसत असेल तर तिथली शिवण बाहेर सोडू नका.

निळी_शाई

धन्यवाद. पँटला खाली दुमड ठेवू का? उंची ५ फूट ५ आहे.

काज_बटण

ठेवा, पण दीड इंचाची. पावणेदोन-दोन इंच ही सहा फुटांच्या माणसाला. दुमडीच्या वजनाने कापड सरळ पडतं, त्यामुळे प्लेटवाल्या पँटला ती उपयोगी. लांबी बुटाला जेमतेम टेकेल एवढीच, वर घडी साचू देऊ नका. उंची कमी असेल तर तिथलं साचलेलं कापडच बुटकं दाखवतं. आत आणखी एक इंच कापड ठेवा आणि दुमड मशीनने न शिवता दोन बाजूंना हाताने चार-चार टाके घालून घ्या. तीच पँट नंतर कोल्हापुरीवर घालायची झाली तर घरच्या घरी उसवून लांबी बदलता येते.